फोटोखालची ओळ

मूर्तिजापुरात 'स्क्रॅप' म्हटलं की आधी भंगार आठवतं. जंक्शनचं गाव, जुन्या लोखंडाचा भाव इथे पोरासोरांनाही ठाऊक असतो. या शब्दाचा दुसरा अर्थ ऑर्कुटने आणला. २००४ साली सुरू झालेल्या ऑर्कुटवर प्रत्येकाचं एक 'स्क्रॅपबुक' असे आणि कॉलेजची मुलं सायबर कॅफेत तासाचे पैसे मोजून एकमेकांना 'स्क्रॅप' टाकत. ३० सप्टेंबर २०१४ रोजी ऑर्कुट बंद झालं. त्या स्क्रॅपमध्ये आपण काय लिहिलं होतं, हे आज त्या मुलांनाही धड सांगता येणार नाही. तिसरा अर्थ आपल्या बोलण्यात सगळ्यात कमी येणारा. फोटो, तिकिटं, लग्नपत्रिका, कात्रणं एका पानावर मांडायची आणि शेजारी आठवण लिहायची. शाळेत आपण याला चिकटवही म्हणत होतो.

ही चिकटवही आता डिंकावाचून होते. मोबाइलवर किंवा संगणकावर पान मांडायचं, हवं तर छापायचं, नाहीतर नुसतं जपून ठेवायचं. पाश्चात्त्य देशांत गेल्या वीस-पंचवीस वर्षांत हा मोठा छंद झाला. लोक तो गटाने शिकतात, एकमेकांना नमुने देतात, नवख्याला सांभाळून घेतात. आपल्याकडे, त्यातही तालुक्याच्या गावात, हा छंद रुजायला काय काय हाताशी आहे आणि काय कमी आहे, याचा हा आढावा. माझं म्हणणं आधीच सांगून टाकतो. साधनं आहेत, हात आहेत, एकत्र बसायची सवयही आहे. कमी आहे ती फोटोखालची ओळ.

पान कसं बनतं

कागदी चिकटवहीचा इतिहास सांगताना मार्क ट्वेनचं नाव हमखास येतं. हा अमेरिकन लेखक स्वतः कात्रणांचा शौकीन होता. डिंकाने बरबटणाऱ्या बोटांना कंटाळून त्याने पानांवर आधीच गोंद लावलेली वही काढली आणि १८७३ मध्ये तिचं पेटंट घेतलं. पान ओलं करायचं आणि कात्रण दाबायचं, एवढंच काम उरलं.

डिजिटल पानाचं मर्म गोंदात नसून थरांत आहे. सर्वांत खाली पार्श्वभूमी, तिच्यावर फोटो, त्यावर चौकट, फूल, तिकिटाचं चित्र आणि सर्वांत वर अक्षरं. प्रत्येक थर वेगळा असल्याने फोटो सरकवला तरी अक्षरं हलत नाहीत आणि चुकलं तरी कागद फाटत नाही. १९९० मध्ये आलेल्या फोटोशॉपमध्ये ही थरांची सोय १९९४ साली आली. चिकटवहीचा छंद पडद्यावर जाण्याची वाट तिथून मोकळी झाली. आज जिम्पसारखा फुकट मिळणारा प्रोग्राम, २०१३ पासूनचं कॅनव्हा किंवा मोबाइलवरचं पिक्सलॅब यांतही हे करता येतं.

मापाचं एक गणित सुरुवातीलाच समजून घ्यावं. छापायचं पान इंचाला ३०० ठिपके या हिशेबाने करतात. परदेशात बारा इंची चौकोनी पानाची चाल आहे. ते ३,६०० बाय ३,६०० ठिपक्यांचं होतं. आपल्या गावात बारा इंची चौरस कागद मागितला तर झेरॉक्सवाला आपल्याकडेच बघत राहील. आपल्यासाठी ए-फोर बरा. त्याचे २,४८० बाय ३,५०८ ठिपके होतात, कोणत्याही रंगीत प्रिंटरवर तो निघतो आणि साध्या फाइलमध्ये बसतो. फोटो जेपीजीत ठेवला तर चालतो, पण कडेने कापलेलं फूल किंवा गाडीचं चित्र दुसऱ्या पानावर वापरायचं असेल तर पीएनजीत ठेवावं. जेपीजीत त्याच्यामागे पांढरा चौकोन येतो.

तंत्राचा भाग एवढाच. दोन दुपारी बसलं की येतो.

म्हाइंभटांची पद्धत

हा छंद 'तिकडचा' आहे असं वाटत असेल तर अमरावती जिल्ह्यातल्या रिद्धपूरची आठवण करावी. तेराव्या शतकात म्हाइंभटांनी तिथे 'लीळाचरित्र' सिद्ध केलं. चक्रधरस्वामी गेल्यावर त्यांच्या आठवणी भक्तांच्या मनात विखुरलेल्या होत्या. म्हाइंभट माणसामाणसाकडे गेले, आठवणी ऐकल्या आणि नागदेवाचार्यांकडून त्या पारखून घेतल्या. महानुभावांची 'स्थानपोथी' याच्याही पुढे गेली. स्वामी कुठल्या गावी, कुठल्या देवळात, कुठल्या दिशेच्या ओसरीवर बसले होते, याची नोंद तिने ठेवली. प्रसंग कोणता, जागा कोणती आणि सांगणारा कोण, या तीन गोष्टी वऱ्हाडाने सातशे वर्षांपूर्वी आठवणीला जोडून दाखवल्या. चिकटवहीच्या चांगल्या पानाला आणखी काय लागतं?

पुढे मठांमध्ये 'बाडं' आली. एकाच बांधणीत अभंग, पदं, आरत्या, पत्रांच्या नकला, हिशेब, औषधाचे पाठ असं सगळं असे. शंकर श्रीकृष्ण देवांनी धुळ्याला रामदासी बाडं जमवली, म्हणून समर्थ संप्रदायाचा मोठा ठेवा आज हाती आहे. विसाव्या शतकात घरोघर वह्या झाल्या. पाककृतींची वही, विणकामाच्या नमुन्यांची वही, ठिपक्यांच्या रांगोळ्यांची वही. कार्बन पेपर खाली घालून कशिद्याचा नमुना उतरवून घेणारी पिढी अजून आपल्यात आहे. या बायकांनी चिकटवही हा शब्द वापरला नसेल, पण काम तेच केलं.

अलीकडच्या काळात फोटो आणि आवाज जपण्याचं काम संस्थांनीही केलं आहे. मुंबईत १९८८ मध्ये सुरू झालेल्या 'स्पॅरो'ने स्त्रियांची छायाचित्रं, मुलाखती आणि कागदपत्रं जमवली. अनुषा यादव यांनी २०१० मध्ये 'इंडियन मेमरी प्रोजेक्ट' काढला. तिथे घरातला एक जुना फोटो आणि त्याची घरच्यांनी सांगितलेली गोष्ट एकत्र येते. हेमा राईरकर आणि गी प्वातवँ यांनी जात्यावरच्या ओव्या गोळा केल्या. एक लाखाहून जास्त ओव्यांचा हा संग्रह आज 'पारी' हे संकेतस्थळ लोकांसमोर आणत आहे. ओवी गाणाऱ्या बाईचं नाव आणि तिचं गाव त्यात ओवीसोबत येतं. नाव गळालं असतं तर ओवी 'लोकसाहित्य' म्हणून उरली असती आणि ती बाई कुणाला दिसली नसती.

या सगळ्या कामांना एकच सूत्र आहे. चित्र किंवा शब्द एकटा ठेवायचा नाही; त्याच्याजवळ माणूस ठेवायचा.

गावात ही कला आहेच

आता मूर्तिजापूरच्या बाजारपेठेत या. डिजिटल पान मांडायचं कसब इथे नवीन नाही. ते तीन दुकानांतून आलं.

पहिलं दुकान फोटो स्टुडिओचं. काळ्या जाड कागदाच्या, कोपऱ्यांत फोटो अडकवायच्या अल्बमची जागा करिझ्मा अल्बमने घेतली. बारा बाय छत्तीसच्या लांबलचक पानावर नवरी एकदा मोठी, तीनदा लहान, मागे गुलाब, कोपऱ्यात फुलपाखरू. बाजारातून आणलेल्या पीएसडी फाइलीत मधले चेहरे बदलायचे की पान तयार. थर, चौकट, सावली ही सगळी कला यात आहे. मात्र दहा वर्षांनी अल्बम उघडला की हळदीच्या पानावर उभ्या असलेल्या पाच बायकांपैकी दोघींची नावं कुणालाच येत नाहीत.

दुसरं दुकान फ्लेक्सचं. कोरलड्रॉवर बसलेला मुलगा अर्ध्या तासात वाढदिवसाचा फलक उतरवतो. इथे उलटा प्रकार. शुभेच्छुकांची नावं वीस-पंचवीस, प्रत्येकाचा गोल फोटो, पण ज्याचा वाढदिवस त्याच्याबद्दल 'हार्दिक शुभेच्छा' याउपर एक शब्द नाही.

तिसरं दुकान आपल्या खिशात आहे. ५ सप्टेंबर २०१६ रोजी जिओ आलं, डेटा स्वस्त झाला आणि स्टेटस ही घराघरातली कला झाली. गाणं लावून फोटोंचा व्हिडिओ करणं आठवीतल्या पोरीला येतं. सर्वांत जास्त फिरणारा नमुना श्रद्धांजलीचा. हार, दिवा, नाव, तेरवीची तारीख आणि पत्ता. माणूस काय करत होता, कुणावर रागावायचा, कोणत्या वावरात राबला, यातलं त्यात काहीच नसतं. तेरवी झाली की तो फोटो पुसला जातो.

म्हणजे एका ठिकाणी माणसं आहेत पण नावं नाहीत, दुसरीकडे नावं आहेत पण प्रसंग नाही, तिसरीकडे नाव-तारीख आहे पण आयुष्य नाही. यात दुकानदारांचा दोष काही नाही. गिऱ्हाइकाने जे मागितलं ते त्यांनी दिलं. घरच्यांनी स्वतः लिहायची जागा दुकानात बनत नाही. ती छंदातच बनते.

शिकायचं कुणाकडे

संगणकाशी पहिली ओळख गावाला करून दिली ती एमएससीआयटीने. एमकेसीएलने २००१ मध्ये सुरू केलेला हा अभ्यासक्रम नोकरीच्या अर्जाला लागतो म्हणून तालुक्यातालुक्यात पोहोचला. माउस धरणं, फाइल साठवणं, मराठी टंकन हे हजारो घरांत तिथून आलं. पण वर्ग प्रमाणपत्रापाशी संपतो. त्यानंतर काय बनवायचं, हे तो सांगत नाही.

मोबाइलवरच्या व्हिडिओंतून दुसरी वाट आहे. तंत्र त्यातून उत्तम कळतं. अडचण अशी की व्हिडिओ आपली अडचण ऐकत नाही. काकूंचा फोन जुना, त्यात ते बटण दुसऱ्याच जागी, आणि 'हे कुठं गेलं?' विचारायला जवळ कुणी नाही. पहिल्या आठवड्यात छंद सुटतो तो इथे.

तिसरी वाट एकत्र बसण्याची, आणि तिचा नमुना वऱ्हाडाला परका नाही. आपलं भजनी मंडळ बघा. तुकडोजी महाराजांच्या गुरुकुंज मोझरीपासून गावोगावच्या गुरुदेव सेवा मंडळांपर्यंत शिकण्याची रीत एकच. नवा माणूस आधी मागे बसून टाळ धरतो, मग कोरसात येतो, वहीत भजन उतरवून घेतो आणि कधीतरी त्याला पुढे बसवलं जातं. कुणी परीक्षा घेत नाही. बेसूर लागलं तर शेजारचा जरा मोठ्याने गातो, म्हणजे याचा सूर आपोआप त्यात मिसळतो. नवख्याला सांभाळून घेण्याची याहून चांगली पद्धत मला माहीत नाही.

आणि वह्या एकमेकींकडून उतरवून घेताना भजनाची शेवटची ओळ कुणी गाळत नाही. तिथे 'तुकड्यादास' असतो, 'तुका' असतो, 'एका जनार्दनी' असतं. रचना हजार वह्यांत गेली तरी नाममुद्रा सोबत जाते. डिजिटल चिकटवहीच्या जगात नेमका याच गोष्टीवर सर्वांत जास्त वाद होतो. कुणीतरी मेहनतीने चौकटी, फुलं, कागदाचे पोत तयार करतं. दुसरं कुणी ते आपल्या नावाने वाटतं. म्हणून परदेशी गटांनी नियम केले. घरगुती वापर वेगळा, विकण्यासाठीचा वापर वेगळा आणि दुसऱ्याची मांडणी उचलली तर तिचं नाव सांगायचं. अशा उचलीला ते 'स्क्रॅपलिफ्ट' म्हणतात आणि त्यात कमीपणा मानत नाहीत. आपल्याला हा नियम समजायला वकील नको. नाममुद्रा गाळू नये, एवढं म्हटलं की पुरे.

कायद्याची एक बाब मात्र ठाऊक असावी. पैसे देऊन काढून घेतलेल्या फोटोचा पहिला हक्क, वेगळा करार नसेल तर, भारतीय कायद्याप्रमाणे काढून घेणाऱ्याचा असतो. त्यामुळे आपल्या लग्नाचे फोटो आपल्या पानावर वापरायला संकोच नको. इंटरनेटवरून उचललेला कुणाचाही फोटो मात्र 'सापडला' म्हणून आपला होत नाही. २०१२ च्या दुरुस्तीनंतर छायाचित्रावरचा हक्कही छायाचित्रकाराच्या हयातीनंतर साठ वर्षं टिकतो.

रुखवताची शिस्त

पान तयार झालं की दाखवावंसं वाटतं. इथे गट टिकतो किंवा मोडतो.

आपल्याकडे दाखवण्याची सर्वांत शहाणी जागा म्हणजे रुखवत. मांडलेल्या वस्तूंना पहिला-दुसरा नंबर नसतो. पाहणारी बाई विचारते, 'हे कुणी केलं?' आणि करणारी मावशी शेजारीच उभी असते. मग दोरा कुठला, टाका कोणता, किती दिवस लागले, हे सगळं उलगडतं. स्पर्धा लावली की हे बोलणं थांबतं. नंबर आलेली एक खूश, बाकीच्या पुढच्या वर्षी येत नाहीत. रांगोळी स्पर्धांत आपण हे पाहिलं आहे.

मोबाइलच्या गटात 'छान', 'मस्त' आणि अंगठा यांचा पाऊस पडतो. त्याने कुणाचं नुकसान नाही, पण पानही पुढे जात नाही. उपयोगी पडतो तो प्रश्न. 'ही विहीर कोणत्या वावरातली?' 'मागे उभी आहे ती कोण?' विचारलं की लिहिणारी परत पानाकडे जाते, घरात विचारते आणि दोन ओळी वाढवते. रंग जुळला नाही, अक्षर फार बारीक झालं, हेही सांगावं; पण विचारल्यावर, आणि शक्यतो तिला एकटीला. सगळ्यांसमोर सुधारून दाखवणारा एक उत्साही माणूस अख्खा गट गप्प करू शकतो.

विषय ठरवून पानं करण्याची रीतही चांगली. परदेशी गट दर आठवड्याला विषय देतात. आपल्याला तर पंचांगच विषय पुरवतं. पोळ्याला घरच्या बैलांची नावं आणि त्यांच्या खोडी, बैल विकले असतील तर कधी आणि का. भादव्याच्या पौर्णिमेपासून कोजागिरीपर्यंत भुलाबाई. कोणाच्या अंगणात बसायची, खिरापत ओळखायला कोण हुशार होती. कापूस वेचणीचं एक पान, खारपाणपट्ट्यातल्या पाण्याच्या चवीचं एक पान, लाखपुरीच्या यात्रेचं एक. अशी बारा-पंधरा पानं झाली की वर्षाची वही तयार.

एक सावधगिरी बाळगायलाच हवी. फोटोत दुसऱ्याच्या घरची मुलगी, सून, लहान लेकरं असतात. छापून घरात ठेवायचं पान आणि शंभर जणांच्या गटात टाकायचं पान वेगळं असतं. गटात टाकण्याआधी विचारावं. 'नको' म्हटलं तर कारण विचारू नये. तालुक्याच्या गावात एक फोटो कुठून कुठे जातो हे सगळ्यांना माहीत आहे. ही शिस्त गटाने पहिल्या दिवशी ठरवली तर बायका निर्धास्त येतात, नाहीतर त्यांच्या घरचेच त्यांना पाठवत नाहीत.

आधी 'वऱ्हाड' लिहून पाहा

डिजिटल पानावर मराठी लिहिणं हा वेगळा खटाटोप आहे. डीटीपीच्या काळात गावोगाव कृतिदेव आणि श्रीलिपी चालल्या. त्यांत टाइप केलेला मजकूर दुसऱ्या संगणकावर नेला की भलतीच अक्षरं दिसतात, कारण तिथे 'क'च्या जागी खरं तर इंग्रजी कळीचा क्रमांक साठवलेला असतो. युनिकोडमध्ये प्रत्येक अक्षराला स्वतःचा क्रमांक आहे, म्हणून मजकूर कुठेही नेता येतो आणि पुढे शोधताही येतो. र. कृ. जोशी यांनी घडवलेला 'मंगल' हा फॉन्ट विंडोजसोबत घराघरात आला. मुंबईच्या 'एक टाइप' या संस्थेने केलेले 'मुक्त' आणि 'बलू' यांसारखे फॉन्ट फुकट मिळतात आणि कॅनव्हासारख्या साधनांत आयते सापडतात.

कोणतंही ॲप निवडण्याआधी त्यात एकच शब्द लिहून पाहावा: वऱ्हाड. यातला पापणीसारखा अर्धा र मराठीची खास खूण आहे; तऱ्हा, सुऱ्या, दऱ्या यांतही तो येतो. देवनागरी नीट न समजणारं ॲप त्याचा रफार करून 'वर्‍हाड'च्या जागी भलतंच काही उमटवतं किंवा पाय मोडून ठेवतं. आपल्या मुलखाचं नाव ज्याला लिहिता येत नाही त्यात आपल्या आठवणी मांडू नयेत. जुनं फोटोशॉप वापरणाऱ्यांनी अक्षरं तुटलेली दिसली तर सेटिंगमध्ये जाऊन मजकुरासाठी दक्षिण आशियाई लिपींचा पर्याय निवडावा. बहुतेक वेळा तिथेच गाठ सुटते.

आणि बोली जशी आहे तशी लिहावी. आजी 'कायले' म्हणत असेल तर पानावर 'कशाला' करू नये. प्रमाण मराठी जपायला पाठ्यपुस्तकं आहेत. आजीचं 'कायले' जपायला तिच्या नातवंडांखेरीज कुणी नाही.

जपणूक

महानुभाव परंपरा सांगते की लीळाचरित्राची मूळ प्रत परचक्राच्या धामधुमीत हरवली आणि ज्यांना ते मुखोद्गत होतं त्यांनी आठवून पुन्हा लिहिलं. म्हणून त्याचे वेगवेगळे पाठ झाले. माणसांची स्मरणशक्ती हीच तेव्हाची दुसरी प्रत. आपल्याजवळ तशी स्मरणशक्ती नाही, त्यामुळे प्रती वाढवणं भाग आहे. जाणकार सांगतात तो हिशेब सोपा आहे. तीन प्रती, त्या दोन वेगळ्या प्रकारच्या साधनांवर आणि त्यांतली एक घराबाहेर. मोबाइल, पेनड्राइव्ह आणि अमरावतीला राहणाऱ्या लेकीचा संगणक, एवढ्यात ते भागतं.

ढगात ठेवलं की झालं, असं समजू नये. गुगल फोटोजने १ जून २०२१ पासून अमर्याद मोफत साठवण थांबवली. आता मेल, ड्राइव्ह आणि फोटो मिळून पंधरा जीबी. जागा संपली की घाईत पुसापुशी होते आणि आजोबांच्या फोटोबरोबर शुभ सकाळचे गुलाब एकाच हाताने निवडले जातात. फोटो व्हॉट्सॲपवर पाठवताना तो लहान होतो. छापायचा असेल तर डॉक्युमेंट म्हणून पाठवावा.

महानुभावांनी पोथ्या सकळ लिपीत लिहिल्या. तिची किल्ली शतकानुशतकं पंथाबाहेर गेली नाही. पण पंथात ती अनेकांना ठाऊक होती, म्हणून पोथ्या वाचल्या. आपला पासवर्ड मात्र एकाच माणसाच्या डोक्यात असतो. तो घरात आणखी एकाला सांगून ठेवावा.

मूळ कागदी फोटोंबद्दल तीन गोष्टी. लॅमिनेशन करू नये. ते पुन्हा निघत नाही आणि आत गेलेली ओल बाहेर येत नाही. मागे बॉलपेनने लिहू नये, मऊ पेन्सिलने हलकेच लिहावं. आणि स्कॅनर नसेल तर सकाळी खिडकीशेजारी, फ्लॅश बंद करून, फोटो सपाट ठेवून मोबाइल बरोबर त्याच्यावर धरून काढावा. लहान फोटो स्कॅन करता आला तर ६०० ठिपक्यांवर करावा, म्हणजे मोठा करूनही फाटत नाही. फाइलच्या नावात आधी वर्ष, मग गाव, मग माणूस. आयएमजी शून्य शून्य चारमध्ये कोण आहे, हे कुणालाच सांगता येत नाही.

पहिलं पान शकुंतलेचं

मूर्तिजापुरात असा गट बसला तर पहिला विषय काय असावा, यावर वाद होणार नाही. शकुंतला. किलिक निक्सन कंपनीच्या सेंट्रल प्रोव्हिन्सेस रेल्वेची ही अडीच फुटी रुळांची गाडी. एका अंगाला कारंजा, दारव्हा करत यवतमाळपर्यंत ११३ किलोमीटर, दुसऱ्या अंगाला दर्यापूर, अंजनगाव करत अचलपूरपर्यंत ७६ किलोमीटर. मँचेस्टरला १९२१ साली घडलेलं तिचं वाफेचं इंजिन १९९४ मध्ये डिझेलला जागा देऊन बाजूला झालं, आणि गेल्या दशकात गाडीही थांबली.

रेल्वेच्या छांदिष्टांनी इंजिनाचे, रुळांचे, सिग्नलचे फोटो भरपूर काढले. ते कामाचं आहे. पण त्या गाडीने शिकायला गेलेली मुलं, बाजाराला कोथिंबिरीची जुडी घेऊन चढलेल्या बाया, चालत्या गाडीतून उतरून पुन्हा चढणारी टवाळ पोरं, यांचं काय? त्यांचे फोटो कुठे आहेत तर घरच्या पेटीत. मामाच्या गावी जाताना फलाटावर काढलेला एक, वरातीसोबतचा एक. तिथे कुणीतरी विचारतं, 'हे कोण होय वो आजी?' आणि आजी म्हणते, 'तो का? तो दर्यापूरच्या आत्याचा दीर.' हे वाक्य त्याच क्षणी फोटोखाली लिहिलं गेलं पाहिजे. पुढच्या पोळ्याला ते सांगायला आजी असेलच असं नाही, आणि यंत्राचा इतिहास कंपनीच्या कागदांत मिळेल, आत्याच्या दिराचा तिथे मिळणार नाही.

आढाव्याअंती चित्र असं दिसतं. साधन फुकट आहे, तंत्र सोपं आहे, अक्षरांची गाठ सुटली आहे, मांडणी करणारे हात बाजारपेठेत बसलेले आहेत. बचत गटाला महिन्याची बैठक आहे, भजनी मंडळाला आठवड्याचा वार आहे, वाचनालयाला खोली आहे. स्टुडिओवाल्या दादांनी महिन्यातून एक दुपार दिली तर थर आणि सावली ते शिकवतील. आठवीतली पोर काकूंचा फोन सांभाळेल. उरते ती ओळ, आणि ती विकत मिळत नाही.

तेव्हा आवाहन वाचनालयांना, मंडळांना आणि बचत गटांना. महिन्यातला एक रविवार ठरवा. फळ्यावर एवढंच लिहा: येताना एक जुना फोटो आणा, आणि त्यातल्या सगळ्यांची नावं सांगू शकणारं घरातलं माणूस सोबत आणा.